कोडिंग? ते तर आमच्या चादरीत!

सोलापूरचा आहे म्हटलं की ऑफिसात दोनच फर्माइशी होतात. शेंगाची चटणी आण आणि चादर आण. चटणी आठवड्यात संपते. चादर मात्र वर्षानुवर्षं टिकते, आणि आपण एका प्रोग्रामचं आउटपुट पांघरून झोपतोय हे कुणाच्या गावीही नसतं!

थट्टा नाही, बॉस. चादरीवरची नक्षी उतरते ती जॅकार्ड मागावर. जुन्या पद्धतीच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं तो खालीच राहतो, आणि मधून धोटा सुटतो. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड. म्हणजे चक्क लूप!

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात ही कार्डं पंच करायचे. आधी ग्राफ पेपरवर नक्षी, मग चौकटी मोजत एकेक भोक. शिक्षण सातवी. कॉम्प्युटर हे पुण्या-मुंबईच्या इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम, असंच आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. २००१ साली बारावीनंतरच्या सुट्टीत मी क्लास लावला, तोही ‘नोकरीला बरं पडेल’ म्हणून.

तिथं टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर लूपमध्ये लूप घालून स्टार्सचा त्रिकोण काढायला शिकवला. मी त्रिकोणावरून हिऱ्यावर गेलो, मग शेजारी शेजारी दोन हिरे. क्लास सुटला तरी उठवेना. प्रिंट घरी नेली. वडिलांनी कागद आडवा-उभा धरून पाहिला आणि विचारलं, “ही एक ओळ म्हणजे एक कार्ड ना? मग मधली रिकामी जागा कशी मोजलीस रे?”

त्या रात्री एक वाजेपर्यंत आम्ही बापलेक ग्राफ पेपरवर चौकटी मोजत बसलो होतो. मला कोडिंगचं वेड लागलं ते तिथं. नोकरी नंतर आली.

पुढे वाचनातून कळलं, हे नातं आमच्या घरापुरतं नव्हतंच. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ साली हा माग आणला. १८३०च्या दशकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या अ‍ॅनॅलिटिकल इंजिनसाठी तसलीच कार्डं वापरायचं ठरवलं. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्या यंत्राची तुलना थेट जॅकार्ड मागाशी केली. १८९० ची अमेरिकेची जनगणनासुद्धा भोकं पाडलेल्या कार्डांवरच मोजली गेली.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठ्याची जागा फाइलनं घेतलीय. जिथं असे माग आले, तिथं पंच करणाऱ्या हातांचं काम गेलं. वडिलांचंही गेलं. ज्यानं त्यांचं काम नेलं, त्याच विद्येवर माझा पगार होतो, ही बोच आहेच. म्हणूनच ‘आमच्या घरात कुणी टेक्निकल नाही हो’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. ठिपके मोजून रांगोळी काढणारी आई, टाके मोजून स्वेटर विणणारी आजी... अहो, ही सगळी आपली सीनियर मंडळी!