हास्य आणि भय एका पंक्तीला

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी रसांचे जसे मैत्र सांगितले आहे तसे वैरही सांगितले आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचे वैरी म्हणून करुण व भयानक हे दोन रस नोंदविले. हे मत सहज पटण्याजोगे आहे. दारात वाघ उभा असता विनोद कोणास सुचणार? परंतु काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या वेस्टसाइड थिएटरात आम्ही चौघे स्नेही एक संगीत नाटक पाहावयास गेलो, आणि हे वैरी एका पंक्तीला बसलेले आम्हांस दिसले. नाटकाचे नाव 'लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स'. हा मेळ कसा जमतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१९६० साली रॉजर कॉर्मन यांनी एक स्वस्तातला चित्रपट काढला होता. त्याचे मुख्य चित्रीकरण जेमतेम दोन दिवसांत उरकले होते. त्या कथेवरून हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी संवाद व पदे लिहिली, अ‍ॅलन मेंकन यांनी चाली दिल्या, आणि १९८२ साली न्यूयॉर्कच्या एका लहान रंगमंचावर हे नाटक आले. त्याच वर्षी ते ऑर्फियम थिएटरात गेले आणि १९८७ पर्यंत चालले. त्याचे २,२०९ प्रयोग झाले.

कथा साधी आहे. बकाल वस्तीतील फुलांचे दुकान बुडावयाच्या बेतात आहे. तेथील अनाथ नोकर सेमूर याला एक विचित्र रोपटे मिळते. पाणी घाला, खत घाला, ते सुकतच जाते. एके दिवशी त्याचे बोट कापते आणि कळते, की याला हवे ते रक्त. सेमूर बोटे कापून घेऊ लागतो. रोपटे वाढते, गिऱ्हाइकांची रीघ लागते, सेमूर प्रसिद्धीस येतो. पुढे बोटांतले रक्त पुरेनासे होते आणि झाड चक्क बोलू लागते. त्याला आता माणूस हवा असतो.

पहिला बळी जातो तो एका दुष्ट दंतवैद्याचा. सेमूरची आवडती ऑड्री हिला हा मारहाण करीत असतो. हास्यवायूचा मुखवटा त्याच्याच तोंडावर अडकतो. तो हसत हसत गुदमरतो आणि सेमूर नुसता पाहत राहतो. प्रेक्षागृहही हसत असते. आमच्या चौघांत एक दंतवैद्यच होते. सर्वांत मोठ्याने तेच हसले!

आता हा मेळ कसा जमला? याचे उत्तरही आपल्याच शास्त्रात आहे. विरोधी रस एकाच आश्रयाच्या ठायी आणू नयेत, त्यांचे आश्रय वेगळे करावेत, म्हणजे विरोध उरत नाही, असे आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगितले आहे. येथे बहुतेक वेळ नेमके हेच घडते. भय असते पात्रांच्या मनात, हसू असते आपल्या ओठांवर. हे अंतर राखण्याचे काम संगीत करते. प्रसंग खुनाचा, पण चाल १९६० च्या सुमारास अमेरिकेतील तरुण मुलींचे संच गात तशी आनंदी, ठेका धरावयास लावणारी. तीन गायिका सूत्रधाराप्रमाणे मधूनमधून येऊन कथा पुढे नेतात, आणि हा खेळच आहे याची आठवण देत राहतात.

दुसरे साधन म्हणजे ते झाड. मूळ प्रयोगासाठी मार्टिन रॉबिन्सन यांनी ते घडविले. झाड एक नसून चढत्या आकाराच्या अनेक बाहुल्या असतात. पहिली कुंडीत मावते, शेवटची माणूस गिळू शकते. मोठ्या बाहुलीच्या पोटात बसून एक जण जबडा हलवितो, आवाज मात्र दुसऱ्याच गायकाचा असतो. दोघांचा ताल क्षणभर चुकला तरी झाडाचे सोंग उघडे पडेल. कापडाची ही वस्तू पाहून हसू येते, आणि ती इतकी जिवंत वाटते की हसता हसता पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

परंतु खरी मेख पुढे आहे. दंतवैद्य दुष्ट होता, तेव्हा आपण हसलो. मग दुकानमालक जातो, आपण थोडे कमी हसतो. मग गरीब बिचारी ऑड्री जाते, आणि हसू थांबते. शेवटी सेमूरही जातो. झाडाची कलमे घरोघर विकण्याची तयारी सुरू होते. ऑर्फियमच्या प्रयोगात अखेरीस छतावरून वेली प्रेक्षकांच्या अंगावर सुटत. आश्रय वेगळे ठेवण्याचा नियम नाटककाराने तेवढ्या क्षणापुरता मुद्दाम मोडला. भय आता आपल्या ठायी आले.

१९८६ साली फ्रँक ऑझ यांनी यावर चित्रपट केला. त्यातही आधी हाच शेवट होता. पूर्वदर्शनाच्या प्रेक्षकांना तो सोसला नाही, म्हणून तो बदलून गोड करावा लागला. कारण विचार करण्याजोगे आहे. रंगमंचावर मेलेली पात्रे पडदा पडल्यावर हात जोडून पुन्हा समोर येतात. पडद्यावर मेलेला माणूस परत येत नाही. ज्या भयाला परतीची वाट असते, त्यालाच माणूस हसू शकतो.

परतताना आम्ही बराच वेळ गाणी गुणगुणत होतो. मग आमचे दंतवैद्य स्नेही म्हणाले, "अहो, त्या पहिल्याला वाचविता आले असते. सेमूरने हात पुढे केला असता तर पुढचे काहीच झाले नसते. आणि तेव्हा मीच सर्वांत जास्त हसत होतो." यावर कोणी काही बोलले नाही. पहिला बळी नकोसा माणूस असतो, म्हणून आपण संमती देतो, आणि झाडाची भूक मात्र तेथून पुढे वाढतच जाते. हे आम्हांस त्या रात्री एका कापडी झाडाने शिकविले.