गाडीतला गवई आणि वाटाड्या

समजा, तुमच्या घरी दहा वर्षांपूर्वीची एक लहान मोटारगाडी आहे. ती चालते उत्तम. पण तिच्यातला रेडिओ अगदी साधा, आणि रस्ता दाखवणारा पडदा तर नाहीच. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या बाजारातून एक नवा संच आणला जातो. गाणी ऐकवणारा स्टिरिओ आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, दोन्ही एकाच पेटीत! पेटी बसते, मंडळी शिर्डीला निघतात आणि कुरबुरी सुरू होतात. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. किल्ली काढली की संच सगळी स्टेशने विसरतो. समृद्धी महामार्गावर पडद्यावरची गाडी चक्क शेतातून धावू लागते. घरी परतल्यावर तीन दिवस गाडी उभी राहिली, तर चौथ्या दिवशी ती सुरूच होत नाही.

‘संचच खराब निघाला’ असे म्हणून तो परत करणे सोपे आहे. पण विद्यार्थिमित्रांनो, या चारही तक्रारींत संच पूर्ण निर्दोष असू शकतो. दोष कुठे आहे हे शोधायला लागणारे बरेचसे ज्ञान तुमच्या शाळेच्या भौतिकशास्त्रातच आहे. ते कसे वापरायचे, ते पाहू.

तारांची ओळख

संच बाहेर ओढला की मागे रंगीबेरंगी तारांचा झुबका दिसतो. गाडीत वेगळे बसवायचे बहुतेक संच एकच रंगसंकेत पाळतात. पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली असते. संचाचे घड्याळ आणि त्याची स्मरणशक्ती तिच्यावर जगते. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते. संचाला जागे करणे हे तिचे काम. काळी तार म्हणजे विजेची परतीची वाट. ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात, कारण बॅटरीचे ऋण टोकही त्याच सांगाड्याला जोडलेले असते. कारागीर याला ‘अर्थ’ म्हणतात. पण गाडी रबरी टायरांवर उभी असते, तेव्हा इथे जमिनीचा काही संबंध नाही. सांगाडा हीच दुसरी तार!

उरलेल्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या तारांच्या जोड्या चार स्पीकरांकडे जातात. प्रत्येक जोडीतील काळ्या रेघेची तार ऋण. एका स्पीकरची जोडी उलटी लागली तर? एक पडदा हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढेल. एकाची संपीडने आणि दुसऱ्याची विरलने एकमेकांना खोडून टाकतील. गाणे ऐकू येईल, पण तबल्यातला डग्गा हरवेल. खात्री करायची असेल, तर सोडवलेल्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा घट क्षणभर टेकवा. घटाचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असेल, तर पडदा बाहेर येतो.

विसरभोळा संच आणि उतरलेली बॅटरी

आता विस्मरणाची तक्रार घेऊ. किल्ली काढताच संच सगळे विसरतो, याचा अर्थ स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या पिवळ्या तारेची वीज तेव्हा जाते. म्हणजे पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालेली असणार. काही युरोपीय गाड्यांच्या सॉकेटमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात. त्यामुळे तयार सॉकेट जोडले तरी हा घोटाळा होतो. इथे रंगावर विसंबू नका, मोजा. किल्ली काढून मल्टिमीटरने गाडीकडून येणाऱ्या दोन्ही तारांचे सांगाड्याशी असलेले विभवांतर पाहा. जिच्यात तेव्हाही सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात, ती कायमची तार. तिला पिवळी जोडा.

कधी चूक वेगळीच असते. दोन्ही तारा कायमच्या विजेवर जोडल्या, तर संच कधी झोपतच नाही. लहान गाडीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. झोपलेला संच ०.०२ अँपिअर धारा घेतो असे धरले, तर बॅटरी उतरायला ३५ ÷ ०.०२ = १,७५० तास, म्हणजे सत्तरहून अधिक दिवस लागतील. जागा संच ०.५ अँपिअर घेत असेल, तर अवघे ७० तास! तीन दिवसही पुरे होत नाहीत. चौथ्या दिवशी गाडी का रुसली, हे साध्या भागाकारानेच सांगितले.

शिट्टी कोण वाजवतो?

इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज तयार करतो. ती मुळात प्रत्यावर्ती असते. डायोड तिला एकदिश करतात, पण तिच्यात थोडी थरथर उरतेच. इंजिन जोरात फिरले की या थरथरीची वारंवारता वाढते, आणि शिट्टीचा स्वर चढतो. इंजिन बंद करून, नुसत्या बॅटरीवर संच लावा. शिट्टी थांबली, तर ती अल्टरनेटरकडूनच येत होती.

पण ती संचात शिरली कशी? बहुधा काळ्या तारेच्या सैल जोडणीतून. स्क्रूखाली रंगाचा थर राहिला, तर तिथला रोध वाढतो. तो केवळ ०.१ ओहम आणि धारा ५ अँपिअर धरा. ओहमच्या नियमाप्रमाणे त्या जोडणीवर ०.५ व्होल्टचे विभवांतर पडते. आवाजाचे संकेत स्वतःच व्होल्टभराचे. त्यांच्या शेजारी अर्धा व्होल्ट डोलू लागला, तर तो ऐकू येणारच. संच वाजत असताना काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील विभवांतर मोजा. ते व्होल्टच्या काही शतांश भागांएवढेच असावे. जास्त आले, तर रंग खरवडून स्क्रू घट्ट करा.

याच जागी एक गंमत करून पाहा. खोक्यावर ‘५० वॅट, चार स्पीकर’ असे छापलेले असते. म्हणजे २०० वॅट. आता संचामागचा फ्यूज पाहा. समजा, तो १० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणारी शक्ती फार तर १४ × १० = १४० वॅट. आत येते त्यापेक्षा जास्त बाहेर कशी पडेल? खोक्यावरचा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा आहे, सतत मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे.

आगीशी खेळ नको

फ्यूज वारंवार जातो म्हणून काहीजण तिथे चंदेरी कागद गुंडाळतात. हे फार घातक आहे. फ्यूज जातो, याचा अर्थ कुठेतरी तार घासून सांगाड्याला टेकली आहे. चंदेरी कागद वितळत नाही, मग तापते ती तार, आणि तिच्याभोवती असते प्लास्टिक. बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की शॉर्टसर्किट झाल्यास शेकडो अँपिअर धारा वाहू शकते. म्हणूनच बॅटरीपासून वेगळी तार आणली, तर फ्यूज बॅटरीजवळच हवा. संचाजवळचा फ्यूज वाटेतल्या तारेला वाचवू शकत नाही.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवा, आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडा. धन टोक आधी सोडवू लागलात आणि पान्हा सांगाड्याला लागला, तर मंडल तिथेच पुरे होते! एअरबॅगच्या तारांना, विशेषतः त्यांच्या पिवळ्या जोडण्यांना, मुळीच हात लावू नका. आणि हे सारे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा.

वाटाड्या शेतात का शिरला?

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. अनेकांना वाटते, की उपग्रह वरून गाडी पाहतो आणि रस्ता सांगतो. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले’ एवढेच सांगत असतात. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून संच अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो संचाच्या साध्या घड्याळातील चूक काढण्यासाठी. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटर चुकते. सापेक्षतेमुळे उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. हे हिशेबात धरले नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल!

हे संकेत अतिशय क्षीण असतात. अँटेनापर्यंत पोचणारी शक्ती १ वॅटच्या एक कोटी अब्जांश भागाएवढीच असते. धातूच्या पत्र्याखाली अँटेना दडवली, तर संचाला काही ऐकू येत नाही. ती डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर, काचेतून आकाश दिसेल अशी ठेवावी. काही गाड्यांच्या उष्णतारोधक काचेवर धातूचा पातळ लेप असतो. तोही संकेत अडवतो. नवा संच प्रथमच लावताना गाडी मोकळ्या जागी काही मिनिटे उभी करा. उपग्रहांची संपूर्ण यादी सेकंदाला ५० बिट या मंद गतीने येते, आणि तिला साडेबारा मिनिटे लागतात.

पण आपली अँटेना ठीक असेल तर? नकाशा उपग्रह पाठवत नाही. तो संचाच्या पोटात साठवलेला असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यापूर्वीच्या नकाशात तिथे शेतच आहे! अशा नकाशात आपल्या शहराचे नाव औरंगाबाद असेच दिसेल, कारण ते बदलले २०२३ मध्ये. जागा बरोबर, नकाशा जुना. याची कसोटी सोपी आहे. संचावरील अक्षांश-रेखांश पाहा. आपल्या शहरात ते सुमारे १९.९ उत्तर आणि ७५.३ पूर्व असावेत. आकडे बरोबर आणि रस्ता चूक असेल, तर नकाशा बदला. आकडेच येत नसतील, तर अँटेना तपासा. मात्र महामार्गाच्या ५ जून २०२५ रोजी खुल्या झालेल्या शेवटच्या टप्प्यात, इगतपुरीजवळ, सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे आकडे थांबले, तर दोष कोणाचाच नाही; डोंगरातून हे संकेत येत नाहीत.

भारतानेही ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. मात्र तिचा उपयोग व्हायला संचातील चिपला तिचे संकेत समजावे लागतात.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक घट, एक छोटा बल्ब आणि गंजलेला खिळा यांचे मंडल जोडा. खिळ्याच्या गंजलेल्या भागावर जोडणी करून तिथले विभवांतर मोजा. मग खिळा घासून पुन्हा मोजा. बल्ब आधी मंद का होता, ते मल्टिमीटरचे दोन आकडे सांगतील. गाडीतली शिट्टी शोधतानाही तुम्ही हेच करणार आहात. लक्षण पाहा, दोन शक्यता मांडा, त्यांतली एक खोटी ठरवील असे मोजमाप घ्या. पान्हा हाती घ्यायचा तो त्यानंतर.