परवापर्यंत तर ठीक होत्या
घरातलं वडीलधारं : लेखांक ७

मागच्या लेखांकात वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा विसर पाहिला. आजचा प्रकार त्याच्या उलट आहे. परवापर्यंत आजी दूधवाल्याचा हिशेब चोख ठेवत होत्या, आज भरदुपारी विचारतात, "शाळा सुटली, मला न्यायला कुणी आलं नाही का?" दिवेलागणीला बडबड वाढते, चादरीचे धागे ओढत बसतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी मात्र पुन्हा बऱ्यापैकी ताळ्यावर. तेवढ्यावर घरचे निर्धास्त होतात आणि ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय मिटतो.

वयामुळे माणूस दोन दिवसांत असा बदलत नाही. हा डेलिरियम, आणि त्याचं मूळ बहुतेकदा शरीरात इतरत्र असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, कित्येक दिवसांचं बद्धकोष्ठ, नुकतंच झालेलं ऑपरेशन. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असंही नाही.

आपल्याकडे हमखास ऐकू येणारं कारण म्हणजे ‘सोडियम कमी झालं’. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने ते उतरतं. त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा जेवण सुटलं, तर आणखी. अशा वेळी शेजारून सल्ला येतो, मीठ-साखरेचं पाणी पाजा. तो ऐकू नये. सोडियम का उतरलं यावर उपचार ठरतो. काहींना उलट पाणी कमी करावं लागतं. शिवाय ते फार झपाट्याने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दवाखान्यात पुन्हा पुन्हा रक्त तपासत ते बेताबेताने वर आणतात.

मधुमेह असेल तर मात्र आधी घरच्या मशीनवर साखर बघा. ७०च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्या. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, झटका आला किंवा हाक मारूनही जाग येत नसेल, तर थेट १०८.

डॉक्टरकडे निघताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, सर्दीची आणि झोपेचीसुद्धा. खाज-सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी म्हातारी माणसं हमखास गोंधळतात. डबा उघडला की कळतं, केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या चार-चार गोळ्यांच्या तुकड्यांवर नाव अर्धंच उरलंय, तारीख तर गेलीच. तरी तेही न्या. आणि "आजी विसरतात" एवढंच सांगू नका. "सोमवारी स्वतः लाइट बिल भरलं, बुधवारपासून मला ओळखत नाहीत" असं सांगितलंत तर डॉक्टरांचा अर्धा तपास तिथेच होतो. आधीपासून डिमेन्शिया असलेल्यांनाही हे लागू आहे. त्यांना तर डेलिरियम अधिक सहज होतो.

बडबड करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. काही जण गप्प होतात, दिवसभर झोपून राहतात, घास तोंडात धरून बसतात. कुणाला त्रास नाही म्हणून हा शांत प्रकार सुटून जातो. शंका आली तर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारा माणूस मध्येच भरकटला तर लक्ष टिकत नाहीये, असं समजा.

भरती केलंच तर चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी ठेवू नका. नर्स "हरवेल" म्हणाली तरी. रात्री ओळखीचं माणूस उशाशी हवं. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाल्या तर "कुठे आहेत मुंग्या?" असा वाद घालू नये आणि झाडू घेऊन मारायलाही धावू नये. "मला दिसत नाहीत, पण मी इथेच आहे" एवढं पुरतं.

मूळ आजार आटोक्यात आला तरी डोकं ठिकाणावर यायला कधी काही आठवडे लागतात, काही जण पूर्ण पहिल्यासारखे होतही नाहीत. डिस्चार्जच्या वेळी कुठली गोळी बंद केली ते कागदावर लिहून घ्या, आणि तिच्या घरातल्या जुन्या पट्ट्या त्याच दिवशी बाहेर काढा.

(पुढील आठवड्यात : न्हाणीघरातली घसरण)