डोळे आले, थेंब टाकले, बरे झाले: पण कशाने?

2023 चा पावसाळा आठवतोय? महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. सोलापुरात ज्याला बघावं त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल. हॉस्टेलमध्ये माझेही डोळे आले. रूममेटकडे अँटिबायोटिकचे उरलेले थेंब होते, ते टाकले. सहाव्या दिवशी डोळे स्वच्छ! मग मी सगळ्यांना सांगत सुटले, "हेच थेंब टाका, हमखास गुण येतो."

रिसर्चला येणाऱ्यांनी इथे एक प्रश्न विचारावा: या प्रयोगात कंट्रोल कुठे होता?

पुण्याच्या एनआयव्हीने त्या साथीतले नमुने तपासले, तेव्हा त्यांत एन्टेरोव्हायरस सापडला. पुढे तो कॉक्सॅकी ए-24 चा व्हेरिएंट असल्याचं स्पष्ट झालं. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, विषाणूंवर नाही. शिवाय हा आजार बहुतेकांचा आठवडाभरात आपोआप बरा होतो. म्हणजे थेंब न टाकताही माझा सहावा दिवस बहुधा तसाच उजाडला असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि मी श्रेय कावळ्याला दिलं.

"नुसतं बघितलं तरी डोळे येतात" हा समजही असाच. निरीक्षण बरोबर आहे: रुग्णाच्या जवळ वावरणाऱ्यांना लागण होते. कारण मात्र चुकीचं. विषाणू नजरेतून येत नाही. तो डोळ्यातल्या पाण्यातून हाताला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, इतकंच.

मग करायचं काय? साबणाने वारंवार हात धुवायचे. कोविडमध्ये सॅनिटायझरची सवय लागली, पण कोरोनाला बाहेरून मेदाचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. एन्टेरोव्हायरसला ते आवरणच नाही, म्हणून इथे साबण-पाण्याने विषाणू धुऊन काढणं जास्त भरवशाचं. टॉवेल, रुमाल, काजळ वेगळं ठेवा. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी आराम पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.

स्टेरॉइडचे थेंब मनाने कधीच टाकू नका. हर्पिसचा संसर्ग असेल तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. डोळा खूप दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर अंधुक झालीय किंवा लेन्स वापरताना डोळा लाल झालाय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घट्ट पिवळा पू येत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तिथे अँटिबायोटिक लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर थांबूच नका.

एक कबुली राहिली. त्या आठवड्यात स्लाइड्स संपवायच्या म्हणून मी लॅबच्या सामायिक मायक्रोस्कोपवर बसले होते. दोन दिवसांनी एका ज्युनिअरचे डोळे आले. आयपीसवरूनच गेलं, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण स्लाइड्स आठवडाभर थांबल्या असत्या, हे नक्की.