संगणक नेमका कुठे थांबला?

भिवंडीत बिघडलेल्या पीसीचं कॅबिनेट उघडलं की आधी दिसते ती कापसाची तूस. पद्मानगर, शांतीनगर, नारपोलीतल्या यंत्रमागांवरून उडणारे बारीक तंतू कॅबिनेटचे पंखे आत ओढून घेतात आणि ते प्रोसेसरच्या हीटसिंकवर, एसएमपीएस या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या जाळीवर करड्या थरासारखे बसतात. पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांत कापसाऐवजी रस्त्याची आणि खोक्यांची धूळ असते. पेढी असो की गोदाम, बिलं, चलनं आणि टॅलीची खाती बहुतेकदा एकाच टेबलावरच्या एकाच पीसीत असतात. तो एके सकाळी सुरू झाला नाही की भरलेली गाडी दारात उभी राहते. मग घाईत निदान होतं : ‘विंडोज गेली, फॉरमॅट मारावा लागेल.’ हे निदान बरेचदा चुकीचं असतं, आणि त्यावरचा इलाज बिघाडापेक्षा महागात पडतो.

‘पीसी चालू होत नाही’ या एका तक्रारीत किमान चार वेगळे बिघाड असतात. बटण दाबूनही पंखा फिरत नाही, हा पहिला. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, हा दुसरा. कंपनीचं चिन्ह येतं आणि मग बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही अशा अर्थाची ओळ उमटते, हा तिसरा. विंडोजचे ठिपके गोल फिरत राहतात, किंवा निळा पडदा झळकून मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हा चौथा. विंडोजवर पहिला संशय घ्यावा तो फक्त या चौथ्यात. यंत्रमागावर बाणा तुटला की माग थांबतो आणि कारागीर तुटलेला धागा शोधतो. त्यासाठी तो ताणा कापून टाकत नाही. पीसीच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच हवा, की तो कुठवर पोचला आणि कुठे थांबला.

बटण दाबल्यावर पहिलं काम एसएमपीएसचं. 230 व्होल्टच्या प्रवाहातून तो 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तयार करतो. हे दाब स्थिर झाले की मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. अर्ध्या सेकंदाच्या आतली ही गोष्ट, पण हा संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर एकही आज्ञा वाचत नाही. त्यामुळे एसएमपीएस अशक्त झाला की पीसी तिसऱ्या-चौथ्या दाबण्याला सुरू होतो, किंवा पंखा क्षणभर फिरून थांबतो. इथे तुसीचा संबंध येतो. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. जाळी बुजली की ही वाढ सहज होते. शिवाय कापूस ओलावा धरतो. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के पाणी शोषतो, आणि ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळ्यात आर्द्रता त्याहून कितीतरी वर जाते. मदरबोर्डवर बसलेला असा दमट थर धातूचे संपर्क गंजवतो आणि नको तिथे विजेला वाट करून देतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर प्लग काढून, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने, पंख्याची पाती बोटाने धरून कॅबिनेट साफ करावं. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

भिवंडीचा दुसरा स्थानिक प्रश्न विजेच्या लुकलुकण्याचा. वीजगळती आणि भारनियमन यांनी बेजार झालेल्या या शहराचं वितरण महावितरणने जानेवारी 2007 मध्ये फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलं. देशातला तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. पण पुरवठा कितीही सुधारला तरी मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, आणि एकाच गाळ्यात अशा अनेक मोटरी असतील तर त्या वायरिंगवरचा दाब क्षणभर खाली जातो. आपल्याकडच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. वीज तुटल्यावर पीसीचा एसएमपीएस पूर्ण भाराखाली तग धरतो तो जेमतेम 16-17 मिलिसेकंद. म्हणजे एका आवर्तनाचा खंडही पीसी बंद पाडायला पुरतो, मग दिवा नुसता लुकलुकल्यासारखा का वाटेना. त्याच क्षणी विंडोज डिस्कवर काही लिहीत असेल तर ती फाइल अर्धवट राहते. विंडोजची फाइल-व्यवस्था आपला आराखडा सावरायला नोंदवही ठेवते, पण फाइलमधला अर्धवट मजकूर ती पुरा करू शकत नाही. ती फाइल विंडोज सुरू होण्यासाठीच लागणारी असेल, तर दुसऱ्या दिवशी निळा पडदा दिसतो.

साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला सहसा 10 मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो, म्हणून पीसीला धक्का कळत नाही. घरगुती इन्व्हर्टर नेहमीच्या मोडवर असेल तर त्याला जास्त वेळ लागू शकतो. अनेक इन्व्हर्टरांवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते पाहून घ्यावं. दिवे जात नाहीत म्हणून इन्व्हर्टर नीट आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पीसी वारंवार बंद पडतात.

वीज ठीक असेल तर प्रोसेसर जागा होतो. आजचा नवा प्रोसेसरही पहिली पावलं 1978 च्या 8086 चिपच्या जुन्या 16-बिट रीतीनेच टाकतो, आणि पहिली आज्ञा मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमधून वाचतो. या चिपमधला बायोस किंवा त्याचा वारसदार यूईएफआय आधी रॅम तपासतो. पडदा काळा आणि स्पीकरमधून ठरावीक बीप, म्हणजे बहुधा रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड. रॅमची पट्टी काढून नीट बसवली की पुष्कळदा काम होतं. तिचे संपर्क खोडरबराने खसाखसा घासण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे.

मदरबोर्डवरच्या 20 मिलिमीटर व्यासाच्या, 3 व्होल्टच्या सीआर 2032 बॅटरीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. ती संपली की घड्याळ मागे जातं आणि अनेक बोर्डांवर सेटिंगही मूळपदावर येतात. डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलली किंवा यूईएफआयऐवजी जुना मोड लागला, की धडधाकट विंडोजही सुरू होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख काही वर्षं मागची दिसली, तर किरकोळ किमतीची ही बॅटरी बदलून सेटिंग पूर्ववत करावीत. त्यानंतरही अडलं तरच पुढे जावं.

यानंतर पाळी डिस्कची. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच 512 बाइटांत सगळं असे : 446 बाइटांचा छोटा प्रोग्रॅम, 64 बाइटांत विभागांचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. ती खूण जुळली नाही की बायोस डिस्कला नाकारतो, भले पुढचे अब्जावधी बाइट शाबूत असोत. यूईएफआय एका वेगळ्या छोट्या विभागातली फाइल शोधतो. दोन्हींत तत्त्व एकच : सुरुवात करून देणारा तुकडा अगदी लहान असतो, आणि तो बिघडला म्हणजे तुमचा डेटा गेला असं होत नाही. पेनड्राइव्ह लावलेला राहिल्यानेही डिस्क सापडली नाही असा संदेश येऊ शकतो. तो काढावा, मग सेटिंगच्या पानावर डिस्कचं नाव दिसतं का ते पाहावं. नाव दिसत असेल तर विंडोजच्या दुरुस्ती साधनांनी सुरुवातीचा तुकडा पुन्हा लिहिता येतो. नाव दिसत नसेल तर केबल तपासावी. हार्ड डिस्क टकटक असा एकसारखा आवाज करत असेल तर वीज लगेच बंद करावी. तिचं वाचक शीर्ष फिरत्या तबकडीवरून काही नॅनोमीटरांवर तरंगत असतं. ते तबकडीला घासू लागलं असेल तर प्रत्येक नवा प्रयत्न आणखी डेटा खरवडतो.

आता खरोखर विंडोजच अडली तर काय? 19 जुलै 2024 रोजी सगळ्या जगाने ते पाहिलं. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर पोचली. 78 मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यात अडकले होते. भारतात विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यावरचा उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची होती. वेळ गेला तो पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापर्यंत जाण्यात आणि डिस्क कुलूपबंद असेल तिथे बिटलॉकरची 48 अंकी किल्ली शोधण्यात.

हाच मार्ग पेढीवरच्या पीसीलाही लागू पडतो. सलग दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे स्टार्टअप रिपेअर, नुकतंच आलेलं अपडेट काढणं, सेफ मोड असे पर्याय असतात, आणि त्यांत कुठेही फाइल पुसल्या जात नाहीत. तेही फसलं तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतो. अडलेल्या विंडोजला हातही लावावा लागत नाही. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर तिथेही ती 48 अंकी किल्ली लागते, म्हणून पीसी धडधाकट असतानाच ती मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे का पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

फॉरमॅट कधी कधी लागतोच. पण दुरुस्तीला आलेल्याला होकार देण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा : मशीन नेमकं कुठे थांबतंय, आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून, उघडून पाहिला का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी तासभर आणखी थांबू द्या.