करड्या छटांचे दप्तर

हर्णे बंदरात हवेची वार्ता पूर्वापार दोन मार्गांनी येत असे. एक मार्ग तांडेलाच्या स्वतःच्या डोळ्यांचा: सुवर्णदुर्गाच्या पाठीमागे चढणाऱ्या ढगाचा वर्ण, लाटेचा लांबत चाललेला हेलकावा आणि वाऱ्याने पालटलेली दिशा यांवरून निघावे की थांबावे याचा निवाडा तो करी. दुसरा मार्ग सरकारी: बंदरावर बावटा चढे, आणि ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे शब्द कानी पडताच निघण्याच्या बेतात असलेल्या होड्या थबकत. ज्या हवामान खात्याच्या हुकुमाने हा बावटा चढतो, त्याचा एक दुवा खुद्द हर्ण्यातच आहे. येथील वेधशाळेतून तापमान, वायुभार, वारा आणि पर्जन्य यांचे आकडे रवाना होतात, आणि डहाणू, अलिबाग, रत्नागिरी, वेंगुर्ले यांच्या पंक्तीत हर्ण्याचे नाव कोकणच्या हवामानाच्या तक्त्यांत छापले जाते. येथून आकडे जावेत आणि तेथून क्रमांकाचा बावटा यावा, अशी ही देवघेव. तीत चित्राला जागा नव्हती. शास्त्रीय चित्र संगणकातून कागदावर कसे उतरले, तेथे काही दशके कसे नांदले आणि मग कागदावरून कसे उठून गेले, याचा मागोवा मी हर्ण्याच्या बाजूने घेतो आहे तो एवढ्याचसाठी की, ज्या समुद्राची ती चित्रे होती त्याच्या काठावर राहणाऱ्याला चित्राच्या खरेपणाची पारख इतरांहून अधिक निकडीची असते.

शास्त्रीय चित्र कोकणपट्टीस अगदीच अपरिचित होते असे मात्र नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गात तळ देऊन होते, आणि त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ किल्ल्यात आजही दाखवले जातात. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे अभिमानाने सांगण्याचा प्रघात आहे, वस्तुतः तो १८६८ सालचा विषय, आणि तेव्हा लॉक्यर इंग्लंडात होते.) त्या काळच्या काचेवरील छायाचित्रात चांदीचे कण इतके सूक्ष्म असत की, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा प्रवास अखंड भासे. ही अखंडता पुढे यंत्रयुगाने गमावली, आणि ती पुन्हा हस्तगत करण्याचा खटाटोप हाच या हकिकतीचा गाभा होय.

१ एप्रिल १९६० रोजी ‘टायरॉस-१’ या उपग्रहाने आकाशातून ढगांची चित्रे धाडण्यास प्रारंभ केला. १९६३ च्या डिसेंबरात उपग्रहाचे चित्र थेट उतरवून घेण्याची सोय झाली, आणि हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय संशोधनमोहिमेच्या त्याच दिवसांत मुंबईत कुलाब्यास तशी यंत्रणा आली. चित्र एकेका ओळीने कागदावर उमटत जाई. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१बी’ चॅलेंजर यानातून अवकाशात गेला आणि आपल्या समुद्रावर आपल्या मालकीची नजर कायमची स्थिर झाली. तिची सूक्ष्मता दृश्य प्रकाशात २.७५ किलोमीटर, तर अवरक्त प्रकाशात ११ किलोमीटर होती. म्हणजे रात्रीच्या चित्रात मुरूड, हर्णे आणि आंजर्ले ही तिन्ही गावे जवळजवळ एका ठिपक्यात गडप. अवरक्त चित्रातला पांढरा रंग उजेडाचा नसून थंडीचा असतो, म्हणजे ढगाचा माथा जितका उंच आणि गार तितका तो शुभ्र दाखवायचा असा केवळ संकेत आहे, हे दूरदर्शनवर ते चित्र पाहणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल याची मला शंकाच आहे.

खरा रंजक भाग सुरू होतो तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पुण्यात. पाषाणची उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली ‘आयुका’ ही खगोलसंस्था, आणि खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी उभारण्याचा गोविंद स्वरूप यांचा उद्योग, ही सारी मंडळी निरनिराळ्या आकाशांकडे पाहत असली तरी कागदापुरती एकाच अडचणीत होती. चित्र म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांचा चौकोनी तक्ता. त्याला उंदीर फिरवून नव्हे, तर अक्षरांत आज्ञा लिहून छापखान्याची वाट दाखवावी लागे. खगोलशास्त्रज्ञांपाशी अमेरिकेतून आलेल्या ‘आयरॅफ’ आणि ‘एप्स’ या आज्ञावल्या होत्या. हवामानवाल्यांपाशी ब्रायन डोटी यांची ‘ग्रॅड्स’. आणि समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्यांपाशी वेसेल व स्मिथ या जोडीची ‘जीएमटी’. ‘एप्स’मध्ये ‘ग्रेज’ या कामाचे नाव घ्यायचे, ‘पिक्सरेंज’ या शब्दापुढे दोन आकडे मांडायचे, ‘गो’ म्हणायचे, आणि सिद्ध झालेला आराखडा दुसऱ्या एका आज्ञेने पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवून सामाईक मुद्रकाकडे सोडायचा, असा तो रिवाज. टर्मिनल नुसत्या अक्षरांचे असेल, तर कागद हाती येईपर्यंत आपण काय मागितले ते मागणाऱ्यासही दिसत नसे.

अडचण अशी की, लेझर मुद्रकाला करडा रंग मुळी येतच नाही. त्याला काळा ठिपका उमटवता येतो किंवा न उमटवता येतो. तिसरी गोष्ट त्याच्या स्वभावात नाही. पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ सालची, आणि ती समजणारा ‘लेझररायटर’ १९८५ चा; त्याची घनता इंचाला ३०० ठिपके. वृत्तपत्रातील छायाचित्राप्रमाणे ठिपक्यांचे पुंजके करून करडेपणाचा आभास निर्माण करावयाचा, आणि इंचाला ६० पुंजके धरावयाचे, तर एका पुंजक्याच्या वाट्याला पाच गुणिले पाच, म्हणजे २५ ठिपके येतात. अर्थात कोऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत छटा निघतात त्या अवघ्या २६. पुंजके बारीक करावे तर छटा घटतात, छटा वाढवाव्या तर चित्र भरड होते, आणि या पेचातून आज्ञेच्या चातुर्याने पूर्णतः सुटका होत नाही. १९७६ साली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी एका ठिपक्यात झालेली चूक शेजारच्या ठिपक्यांत वाटून टाकण्याची युक्ती सांगितली. ती वापरल्यास नजरेला बरे दिसते, परंतु तशा कागदाची झेरॉक्स काढली की त्या विखुरलेल्या ठिपक्यांचा चिखल होतो.

आता दुसऱ्या टोकाचा हिशेब पाहा. दुर्बिणीच्या चित्रातील एकेक आकडा १६ बिटांचा असेल तर त्याला ६५,५३६ मूल्ये घेता येतात. त्यांना २६ छटांत बसवावयाचे म्हणजे सरासरी अडीच हजार मूल्यांना एकच छटा. तेव्हा काय दाखवायचे यापेक्षा काय बुडवायचे याचा निर्णय आधी घ्यावा लागे, आणि ‘पिक्सरेंज’पुढचे ते दोन आकडे म्हणजे त्या निर्णयाचा लेखी कबुलीजबाबच होता. वादळाच्या अवरक्त चित्रात ३० अंशांपासून उणे ८० अंशांपर्यंतचा सारा पल्ला छापला तर प्रत्येक छटेला चार अंशांहून अधिक तापमान येते. किनारा, समुद्र, ढग सारे दिसते, पण वादळाच्या गाभ्यातील रचना एकाच पांढऱ्या गोळ्यात विरून जाते. उलट, उणे ४० ते उणे ८० एवढाच पल्ला निवडला तर दीड अंशाचाही भेद उमटतो, मात्र कोकणचा किनारा काळोखात जातो आणि वादळ कोठे आहे हे सांगण्यास वरून रेषेने नकाशा रेखाटावा लागतो. खगोलवाल्यांनी तर काळ्या-पांढऱ्याचीच अदलाबदल केली. आकाश कोरे, तारे काळे. त्यात शाईची काटकसर होतीच, परंतु मुख्य लाभ असा की, कोऱ्या कागदावरची फिकट सावली डोळ्याला जितकी सहज जाणवते तितका काळ्यावरचा मंद उजेड जाणवत नाही, आणि दीर्घिकेचा विरळ कडेचा भाग त्यामुळेच हाती लागे.

माझ्या मते त्या अक्षरी आज्ञांचा सर्वांत मोठा गुण हा, की त्या मागे दप्तर ठेवीत. बटण दाबून आणि पडद्यावरची खूण सरकवून चित्र उजळले तर ते किती उजळले याचा दाखला कोठेच राहत नाही. आज्ञा मात्र फाइलीत लिहिलेली असते, ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चित्रावर जशीच्या तशी लागू करता येते, आणि दोन चित्रांतला फरक निसर्गाचा आहे की छापणाऱ्याच्या लहरीचा याचा निकाल लागतो. एकाच वादळाची सहा-सहा तासांच्या अंतराने छापलेली चित्रे एका मेजावर मांडून तुलना करावयाची तर ही शिस्त अपरिहार्यच होती. ती शिस्त तेव्हा कोणी तत्त्व म्हणून पाळली असे मला वाटत नाही. साधने तुटपुंजी होती म्हणून ती पाळली गेली.

पुढे रंग आले. रंगीत मुद्रक स्वस्त झाले, पडदे घरोघर गेले, आणि इंद्रधनुष्याच्या क्रमाने निळ्यापासून लालपर्यंत जाणारी पट्टी शास्त्रीय चित्राची जणू राजमुद्रा ठरली. या पट्टीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पिवळा रंग मधेच लखकन उजळतो, त्यामुळे आकड्यांत जेथे कसलीही कड नाही तेथे डोळ्याला कड दिसते. आणि तोच कागद झेरॉक्सवर किंवा फॅक्सवर गेला की गडद निळे आणि गडद लाल एकाच करड्या छटेला पोहोचतात, म्हणजे सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड यांत भेद उरत नाही. ज्या काळात कागदपत्रे कचेरीतून कचेरीत याच वाटांनी फिरत, त्या काळात हा दोष किरकोळ नव्हता.

११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, आणि ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. या दोन वादळांच्या दरम्यान चित्र कागदावरून उठून खिशातल्या फोनवर गेले होते. ‘निसर्ग’च्या आदल्या दिवशी तांबड्या-जांभळ्या डागांची चित्रे हातोहात फिरली, आणि तांबडे तेथे वारा प्रचंड असा अर्थ पुष्कळांनी लावला, वास्तविक अवरक्त चित्रातील रंग ढगमाथ्याचे तापमान सांगतो, वाऱ्याचा वेग नव्हे. बावट्याला निदान ही तोशीस नव्हती. त्याचा अर्थ एकच.

हवामान खाते करड्या छटांतील अवरक्त चित्रे आजही प्रसृत करते, आणि ‘जीएमटी’कडे करडी पट्टी मागितली तर ती आजही मिळते, मात्र ती कागदावर छापून घेणारा विरळा. जुने कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते निवडताना चित्राच्या देखणेपणाकडे पाहू नये, कडेला पाहावे. कित्येक आज्ञावल्या चित्राच्या कडेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची एक पट्टी छापीत आणि तिच्यावर आकडे लिहीत. मूळ चुंबकीय फिती वाचणारी यंत्रे नाहीशी झाली असली, तरी ही पट्टी शाबूत असलेला कागद स्कॅन करून त्यातील प्रत्येक पुंजक्याचे तापमान, पाच-चार अंशांच्या फरकाने का होईना, परत काढता येते. पट्टी कापून चित्र तेवढे फायलीत लावण्याची कारकुनी टापटीप जेथे झाली, तेथे आता काही काढता येणार नाही.