कॅसेट टाकून देऊ नये

पेडणे तालुक्यातील चोपडे, आगरवाडा, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात, किंवा नदीपलीकडे शिवोलीत, घरोघरीच्या कपाटांत आणि माळ्यांवर लग्नाच्या, मुंजीच्या, चवथीच्या आरतीच्या आणि जत्रेतील दशावतारी नाटकाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी अजून सापडतात. त्या लावून पाहण्याचे यंत्र मात्र बहुतेक घरांतून केव्हाच हद्दपार झाले आहे. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली, त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीसीआर, म्हणजे कॅसेटवर चित्र नोंदवणारे व दाखवणारे यंत्र, मध्यमवर्गीयांच्या घरी पोहोचले, आणि आखाती देशांत नोकरीला गेलेल्या गोवेकरांच्या सामानातून ते खेड्यापाड्यांतही आले. घरगुती प्रसंग टिपण्यासाठी झालेल्या या चित्रणात त्या काळचा परिसर आपोआप नोंदला गेला. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे, आणि वऱ्हाडाच्या चित्रणात ती फेरीबोट आली असेल, तर ते चित्रण त्या कुटुंबापुरते उरत नाही. मोपाच्या पठारावर विमानतळ होण्यापूर्वीचे किंवा १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होण्यापूर्वीचे पेडणेही अशाच फितींच्या पार्श्वभूमीला राहून गेलेले असते.

या फिती संगणकावर आणणे म्हणजे कोणत्यातरी दुकानात देऊन पेनड्राइव्हवर ‘उतरवून’ घेणे, असा समज सर्वत्र आहे. तो पूर्णपणे चुकीचा नसला, तरी अपुरा आहे, कारण फितीवरून पहिल्यांदा चित्र कसे काढून घेतले जाते, यावर पुढचे सर्व काही ठरते आणि त्या पायरीवर जे गळते ते नंतरच्या कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. हे समजण्यासाठी फितीवर चित्र कसे साठते ते आधी पाहावे लागते.

घरगुती कॅसेटींमध्ये सर्वाधिक पसरलेला प्रकार म्हणजे जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला व्हीएचएस. त्यातील फीत १२.७ मिलिमीटर रुंदीची, पॉलिएस्टरची असते आणि तिच्या एका बाजूस चुंबकीय कणांचा थर चिकटद्रव्याने बसवलेला असतो. फीत यंत्रातून सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकते. परंतु तिच्यासमोर तिरका बसवलेला ६२ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल मिनिटाला १,५०० फेरे घेतो, आणि त्यावरील दोन हेड, म्हणजे चुंबकीय खुणा लिहिणारी व वाचणारी सूक्ष्म टोके, फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. अशी एक रेघ अवघी ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे माणसाच्या केसाहूनही सहसा बारीक असते, आणि तिच्यात एक अर्धचित्र सामावलेले असते. भारतात स्वीकारलेल्या पाल या पद्धतीत पडद्यावरील विषम क्रमांकांच्या ओळी एका अर्धचित्रात आणि सम क्रमांकांच्या ओळी दुसऱ्यात असतात; दोन्ही मिळून एक चित्र होते, आणि सेकंदाला अशी ५० अर्धचित्रे, म्हणजेच २५ चित्रे येतात. अमेरिकेत मात्र एनटीएससी ही निराळी पद्धत होती, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये नीट दिसत नसे; ती खराब झाली आहे असे मानून टाकून देण्यापूर्वी दोन्ही पद्धती चालवणाऱ्या यंत्रावर लावून पाहणे योग्य ठरते.

अर्धचित्रांचा हा तपशील शास्त्रीय वाटला, तरी गोव्यातील आणि महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचे नुकसान नेमके इथेच झालेले आहे. सुमारे २००० सालानंतर ‘कॅसेटची सीडी करून देणे’ हा छायाचित्र स्टुडिओंचा नेहमीचा धंदा झाला, आणि सीडी हाती आल्यावर जागा अडवणारी कॅसेट पुष्कळांनी भंगारात घातली. ही सीडी बहुधा व्हीसीडी, म्हणजे १९९३ मध्ये ठरलेल्या मानकाची व्हिडिओ सीडी असे. त्या मानकात चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ बिंदू एवढाच असून सेकंदाला २५ चित्रे मावतात. साहजिकच फितीवरील प्रत्येक दोन अर्धचित्रांपैकी एक सरळ गाळले जाते. स्थिर बसलेल्या वधूवरांच्या चित्रात हा फरक फारसा जाणवत नाही, पण अंगणात रंगलेल्या फुगडीत तो लगेच उघडा पडतो. फितीवर जी गिरकी सलग आणि सुळसुळीत दिसते, ती व्हीसीडीवर धक्के घेत फिरते; उडालेल्या पदराच्या कडा चौकोनी ठोकळ्यांनी भरून जातात, आणि मखराभोवतीच्या लुकलुकत्या माळांच्या जागी नुसते रंगाचे तुकडे हलताना दिसतात. त्याचे कारण असे की, व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला फक्त १,१५० किलोबिट एवढी माहिती राखलेली असते, तर पुढे आलेल्या मिनी डीव्ही या अंकीय फितीत ती सुमारे २५ मेगाबिट, म्हणजे वीसपटींहून अधिक होती. डीव्हीडीची गुणवत्ता व्हीसीडीपेक्षा पुष्कळच बरी असते, मात्र एकाच तबकडीवर चार-चार तास कोंबले असतील, तर तिथेही हेच घडते. म्हणून ज्या घरात सीडी आणि कॅसेट दोन्ही शिल्लक आहेत, तिथे सीडीवरून नव्हे, तर कॅसेटवरूनच नव्याने प्रत करावी.

घरी लिहिलेल्या सीडी आणि डीव्हीडी फितीपेक्षा टिकाऊ असतात, ही समजूतही खरी नाही. त्यांत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेसरने नोंदलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर निकामी होतो आणि सीडीच्या वरच्या, म्हणजे नावे लिहिलेल्या बाजूचा चकचकीत थर तर साध्या ओरखड्यानेही निघून येतो. फितीचा बिघाड पडद्यावर मुंग्या आणि रेघा दाखवत सावकाश वाढतो. तबकडी मात्र बऱ्याचदा एक दिवस अचानक वाचली जाणेच थांबते. त्यामुळे घरात दोन्ही प्रकार असतील, तर आधी तबकड्यांची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे संपूर्ण तबकडीची एकच संगणकीय फाइल, करून घ्यावी. हे काम अर्ध्या तासाचे असते.

फितींना वेळ लागतो, आणि पेडण्यात त्याआधी बुरशीचा विचार करावा लागतो. अभिलेखागारे फितींसाठी साधारण ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात ती ८० टक्क्यांच्या वर राहते. कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून गुंडाळीकडे तिरके पाहिले असता काळ्या, गुळगुळीत पृष्ठावर पांढरी भुकटी, धाग्यांचे जाळे किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी समजावी. बाजूची लहान कळ दाबून पुढची झडप उचलल्यावर फितीचा उघडा भागही तपासता येतो. अशी कॅसेट ‘एकदा लावून तर पाहू’ म्हणून यंत्रात घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक असते, कारण ४९ मायक्रॉनच्या रेघेवर बसलेला कण हेडला चिकटतो, फीत खरवडतो आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीत बुरशी पोहोचवतो. बुरशी लागलेल्या कॅसेटी वेगळ्या काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात कोरड्या होऊ द्याव्यात आणि नंतर त्यांची सफाई जाणकाराकडून, तोंडाला मुखपट्टी लावून करवून घ्यावी. बुरशीचे कण श्वासाबरोबर आत जाणे आरोग्यासही अपायकारक असते. या सर्व कामासाठी दिवाळीनंतर शिगम्यापर्यंतचे कोरडे महिने सोयीचे.

प्रत्यक्ष हस्तांतराला लागणारे यंत्र ही दुसरी अडचण. व्हीसीआर बनवणारी जगातील शेवटची कंपनी मानल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले, आणि २०१९ मध्ये युनेस्को व ध्वनी-चित्र अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी मिळून चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना दिली. फिती नष्ट होण्याआधी त्या वाचणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हातच संपतील, हा तिचा आशय होता. त्यामुळे घरातील बंद पडलेला व्हीसीआर भंगारात देण्याऐवजी जुन्या मेकॅनिककडे नेणे शहाणपणाचे. अनेकदा फक्त रबरी पट्टा सैल झालेला असतो किंवा हेड साफ करण्यापुरतेच काम असते.

व्हीसीआरमधून निघणारा संदेश ॲनालॉग, म्हणजे सलग चढउताराच्या विद्युत लहरीच्या रूपात असतो. त्याचे अंकांत रूपांतर करणाऱ्या उपकरणाला कॅप्चर कार्ड म्हणतात. काहीशे रुपयांत मिळणारी यूएसबीची कांडीही हे काम करते, पण जुन्या फितीत ओळींच्या वेळा मागेपुढे झालेल्या असतात, आणि अशा वेळी स्वस्त उपकरण चित्रे गाळते, परिणामी तासाभराने आवाज आणि ओठ यांची फारकत होते. ओळींच्या वेळा पुन्हा जागेवर आणणारे टाइम बेस करेक्टर नावाचे साधन मध्ये जोडले, तर उभ्या रेषा वाकड्या होण्याचे आणि चित्र थरथरण्याचे प्रमाण बरेच कमी होते. चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंत, अर्धचित्रे न मिसळता घ्यावे. ‘एचडी करून देऊ’ असे सांगणाऱ्याकडे मूळ आकाराची प्रतही मागावी, कारण व्हीएचएसमध्ये नसलेला तपशील आकार वाढवून निर्माण होत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

जपणुकीसाठी एफएफव्ही१ ही पद्धत अनेक अभिलेखागारे वापरतात. तिच्यात फाइल लहान होते, पण चित्रातील काहीही गळत नाही. तरीही तासाला तीसेक गिगाबाइट जागा लागते, म्हणून पाहण्यासाठी व मोबाइलवरून पाठवण्यासाठी वेगळी लहान एमपी४ प्रत करावी. मिनी डीव्ही कॅसेटींचे बरे असते, कारण त्यांवर मुळातच अंक नोंदलेले असतात. कॅमेरा फायरवायर या जुन्या जोडणीने संगणकाला लावल्यास ते अंक जसेच्या तसे, तासाला सुमारे १३ गिगाबाइट, उतरतात. तीच कॅसेट पिवळ्या, म्हणजे ॲनालॉग संदेशाच्या वायरने कॅप्चर करणे म्हणजे हातची शुद्ध प्रत सोडून नक्कल घेणे होय.

आवाजाचा प्रश्न लग्नाच्या कॅसेटींमध्ये विशेष गंभीर आहे. ‘मिक्सिंग’ करताना व्हिडिओवाले सर्रास हिंदी चित्रपटगीते घालत, आणि त्यांखाली मंगलाष्टका, पाहुण्यांच्या हाका, वाजंत्री हे सगळे पुसले जाई. अशा वेळी मिक्सिंगपूर्वीची मूळ चित्रणाची कॅसेट स्टुडिओत किंवा घरात उरली आहे काय, याची चौकशी करावी. शिवाय काही व्हीएचएस यंत्रे आवाज दोन ठिकाणी नोंदवत: फितीच्या कडेला सरळ पट्टीत आणि चित्राच्याच तिरक्या रेघांखाली हाय-फाय म्हणून. नंतर आवाज बदलताना फक्त कडेची पट्टी पुसली जात असल्यामुळे, हाय-फाय यंत्रावर लावल्यास मूळ आवाज कधीकधी शाबूत सापडतो.

अशा चित्रणाची मालकी कोणाची, हाही प्रश्न विचारला जातो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७व्या कलमानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, ते करवून घेणाऱ्याचा असतो. जत्रेतील दशावताराचे चित्रण महाजालावर टाकताना मात्र कलाकारांचे हक्क वेगळे असतात, हे ध्यानात ठेवून मंडळीला आधी विचारावे.

फाइलींच्या तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, आणि प्रत्येकीसोबत साल, ठिकाण व माणसांची नावे लिहिलेला मजकूर ठेवला, तरी कॅसेटीचे काम संपत नाही. अलीकडे व्हीसीआरच्या हेडवरून येणारा कच्चा संदेश थेट नोंदवून त्याचे चित्र संगणकातच घडवणारी व्हीएचएस-डीकोड ही मुक्त आज्ञावली तयार झाली आहे, आणि नेहमीच्या कॅप्चरपेक्षा तिचे फलित पुष्कळदा सरस असते. पण त्यासाठी मूळ फीतच हवी. म्हणून हस्तांतर झालेली कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, पुन्हा चित्रण होऊ नये म्हणून कण्यावरची प्लास्टिकची टिकली तोडून, उभी, डब्यात, जमिनीपासून वर आणि स्पीकरपासून दूर ठेवावी, आणि दर पावसाळ्यानंतर तिच्यासोबतची सिलिका जेलची पुडी बदलावी.